आकाशकंदिलातले पळते दिवे: आयसी वापरून पहिलं सर्किट कसं बांधावं

आयसी (एका चिपमध्ये बसवलेलं अख्खं सर्किट) वापरायला लागलेल्या नव्या माणसाचं काम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतं. सर्किटची आकृती मिळते, सामान बाजारातून येतं, आकृतीत दाखवलंय तसं सगळं जोडून होतं, आणि काहीच घडत नाही. किंवा भलतंच घडतं. मग "आयसी खराब निघाली" म्हणून दुसरी आणली जाते आणि तीही तशीच वागते. मी आजवर अशी बंद पडलेली जितकी सर्किटं पाहिली, त्यातल्या बहुतेकांत आयसी धडधाकट होती. सप्लाय नीट पोचत नव्हता, एखादी पिन मोकळी राहिली होती, किंवा डेटाशीटमधली (कंपनीच्या माहितीपत्रकातली) एक ओळ वाचायची राहून गेली होती.

म्हणून इथे एकच सर्किट घेऊन सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाऊ. दिवाळीच्या आकाशकंदिलात एलईडींच्या सात रांगा बसवायच्या आणि त्या एकामागून एक उजळत गोल फिरताना दिसल्या पाहिजेत. त्यासाठी तीन आयसी लागतील. ५५५ ठोके देईल, ४०१७ ते मोजेल आणि यूएलएन२००४ एलईडींचा भार उचलेल. एखाद्या मायक्रोकंट्रोलरवर हे काम छोट्याशा प्रोग्रॅममध्ये होतं, हे खरं. तरीही पहिलं सर्किट असंच बांधा असं मी आग्रहाने सांगेन, कारण इथे प्रत्येक तारेवर काय चाललंय ते साध्या मल्टिमीटरने पाहता येतं.

१. सामान गोळा करा

- एनई५५५पी, सीडी४०१७बीई आणि यूएलएन२००४ए: प्रत्येकी एक, शिवाय ५५५ एक जास्तीची
- आयसी बेस: ८ पिनचा एक, १६ पिनचे दोन
- पाव वॉटचे रेझिस्टर: १० किलोओहमचे दोन, १०० ओहमचे चौदा
- १०० किलोओहमचा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर)
- कपॅसिटर: १ मायक्रोफॅरड (चौकोनी फिल्मचा मिळाला तर उत्तम), ०.०१ मायक्रोफॅरडचा एक, ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक तीन, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक, आणि तपासणीसाठी १० मायक्रोफॅरडचा एक
- पांढरे एलईडी ४२
- १२ व्होल्टचा, किमान ५०० मिलीअँपिअरचा अ‍ॅडॅप्टर
- ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायचा भोकांचा बोर्ड), झिरो पीसीबी (सोल्डर करायचा भोकांचा बोर्ड), सिंगल स्ट्रँड वायर, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर
- तिन्ही आयसींच्या डेटाशीट, शक्यतो छापून

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठता आली तर हे सगळं एका फेरीत मिळतं. ऑनलाइन मागवणार असाल तर नंबरच्या शेपटाकडे लक्ष द्या. एनई५५५पी ही लांब पायांची, ब्रेडबोर्डमध्ये बसणारी आयसी आहे. एनई५५५डी घेतलीत तर बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटवायचा इवलासा तुकडा येईल. ४०१७चंही तसंच: बीई हवी, बीएम नको. सर्किट तेच, नंबरही जवळपास तोच, पण हातातला भाग निरुपयोगी.

२. जोडण्याआधी डेटाशीट उघडा

डेटाशीट वीस-तीस पानांची असते, पण नव्या माणसाला त्यातल्या पाचच गोष्टी लागतात: पिनची आकृती, तीन तक्ते आणि शेवटी दिलेली नमुना सर्किटं.

पहिला तक्ता अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम रेटिंग्ज. इथले आकडे म्हणजे आयसी मरण्याची हद्द. तिथवर ती चालेल असं कंपनीने कुठेही म्हटलेलं नसतं. दुसरा तक्ता रेकमेंडेड ऑपरेटिंग कंडिशन्स. आपलं सर्किट या दुसऱ्या तक्त्याच्या आत बसलं पाहिजे. एनई५५५साठी तिथे ४.५ ते १६ व्होल्ट दिलेत, मरणाची हद्द १८. सीडी४०१७बीसाठी ३ ते १८, हद्द २०. आपले १२ व्होल्ट दोघींनाही सोयीचे.

यानंतर विजेच्या गुणधर्मांचा लांबलचक तक्ता येतो. त्यात किमान, टिपिकल आणि कमाल असे तीन रकाने असतात. नवे लोक टिपिकलच्या रकान्यावरून गणित करतात, आणि तिथेच फसतात. टिपिकल म्हणजे सरासरी नग. तुमच्या हातात आलेला नग त्याहून दुबळा असू शकतो, आणि तसा असला तरी कंपनीच्या दृष्टीने तो चांगलाच असतो. ४०१७चं उदाहरण घ्या. १० व्होल्ट सप्लायवर तिच्या आउटपुटमधून, अर्ध्या व्होल्टहून जास्त घसरण न होता, टिपिकल २.६ मिलीअँपिअर मिळतात. किमान मात्र १.३. पांढरा एलईडी झगझगीत लावायला १५ लागतात. म्हणजे ४०१७ला एलईडी थेट जोडायचे नाहीत, हा निर्णय डेटाशीटच्या एका ओळीने करून टाकला. इंटरनेटवर थेट जोडलेली सर्किटं ढिगाने सापडतील. एक-दोन मंद एलईडींसाठी ती चालतातही, पण त्यात आउटपुटचं व्होल्टेज खाली कोसळलेलं असतं आणि आयसी उगाच तापत राहते.

१.३चा हा आकडा लक्षात ठेवा, पायरी ७ मध्ये लागेल.

३. पिन मोजायला शिका

आयसीच्या एका टोकाला अर्धचंद्रासारखी खाच असते, किंवा एका कोपऱ्यात ठिपका. खाच वर धरून वरून पाहिलं की डावीकडची सगळ्यात वरची पिन १. तिथून डावीकडून खाली आणि उजवीकडून वर, घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचं. पीसीबी उलटा करून खालून सोल्डर करताना हाच क्रम आरशातल्यासारखा फिरतो. झिरो पीसीबीवर होणाऱ्या चुकांत ही पहिल्या नंबरची.

सर्किटच्या आकृतीतला चौकोन पिनच्या खऱ्या क्रमाने काढलेला नसतो. आकृती वाचायला सोपी जावी म्हणून पिन हव्या तिथे काढतात. लॉजिक आयसींच्या आकृतीत तर सप्लायच्या पिन कित्येकदा काढतच नाहीत, त्या जोडायच्याच असतात असं गृहीत धरलेलं असतं. आपल्या ४०१७ला १६ नंबरवर १२ व्होल्ट आणि ८ नंबरवर ग्राउंड (सप्लायचं मायनस) लागतो.

नव्या आयसीचे पाय बाहेरच्या बाजूला थोडे फाकलेले असतात. तशीच दाबून बसवलीत तर एखादा पाय पोटाखाली दुमडतो आणि वरून दिसतही नाही. टेबलावर आडवी धरून एकेका बाजूचे पाय हलकेच दाबून सरळ करा, मगच बसवा. ४०१७ ही सीमॉस आयसी आहे, तिला अंगावरच्या स्थिर विजेपासून जपावं लागतं. काम सुरू होईपर्यंत ती काळ्या फोममध्येच राहू द्या आणि हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा. नायलॉनची सतरंजी किंवा सिंथेटिक कपडे असतील तर जास्तच काळजी घ्या.

४. सप्लाय: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय म्हणजे १२च येतात असं नाही. आत ट्रान्सफॉर्मर असलेले जुने, वजनदार अ‍ॅडॅप्टर भार नसताना १५ ते १७ व्होल्ट देतात. आपल्या सर्किटचा भार अगदी कमी, त्यामुळे व्होल्टेज चढलेलंच राहील आणि ५५५ थेट हद्दीजवळ जाईल. काहीही जोडण्याआधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज आणि प्लगची ध्रुवता, दोन्ही पाहा. प्लगच्या आत प्लस आणि बाहेर मायनस ही पद्धत बहुतेक ठिकाणी असली तरी अपवाद भेटतात, आणि उलटा सप्लाय आयसी क्षणभरही सहन करत नाही.

आता डीकपलिंग कपॅसिटर, म्हणजे आयसीशेजारी बसून सप्लायमधले झटके झेलणारे. आकृतीत ते कोपऱ्यात निरुपद्रवी दिसतात, म्हणून नवे लोक ते "नंतर लावू" म्हणतात. ते नसताना नेमकं काय होतं ते समजून घ्या. ५५५ची रचना हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी केली. बायपोलर ट्रान्झिस्टरची ती मूळ रचना आजही एनई५५५ या नावाने विकली जाते. तिचं आउटपुट खालून वर किंवा वरून खाली जाताना आतले वरचे आणि खालचे असे दोन्ही ट्रान्झिस्टर अगदी थोडा वेळ एकदमच चालू असतात. त्या क्षणी सप्लायमधून करंटचा एक जोरदार झटका ओढला जातो. तारा लांब असतील तर तेवढ्यापुरतं आयसीपाशी व्होल्टेज खाली जातं, आणि त्याच सप्लायवर बसलेल्या ४०१७ला तो एक जादा ठोका वाटतो. परिणाम असा की दिवे मधूनच एक घर गाळून उडी मारतात. गणित बरोबर, जोडणी बरोबर, तरी क्रम चुकतो.

उपाय साधा आहे. प्रत्येक आयसीच्या सप्लाय आणि ग्राउंड पिनच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. त्यावर १०४ छापलेलं असतं. पाय आखूड कापा आणि आयसीला खेटून बसवा, कारण दोन-तीन इंच दूर गेला की त्याचा बराचसा उपयोग गेला. शिवाय बोर्डावर सप्लाय येतो तिथे १०० मायक्रोफॅरडचा एक. तो अ‍ॅडॅप्टरच्या टोकाला लावू नका, बोर्डाकडे हवा; कंदिलापर्यंत जाणारी लांब वायर हीच तर अडचण आहे.

ब्रेडबोर्डाचा एक सापळाही इथेच सांगतो. कडेच्या लांब सप्लाय पट्ट्या पुष्कळ बोर्डांत मध्यावर तुटलेल्या असतात. रेघ सलग छापलेली असली तरी आतली पट्टी सलग आहे का, हे मल्टिमीटरच्या बझरने तपासा. तुटली असेल तर वायरचा तुकडा टाकून जोडून घ्या.

५. ५५५: ठोके तयार करा

जोडणी अशी:

- पिन १ ग्राउंड, पिन ८ सप्लाय
- पिन ४ (रीसेट) सप्लायला
- पिन ५ पासून ग्राउंडला ०.०१ मायक्रोफॅरड
- पिन २ आणि ६ एकमेकांना जोडून तिथून ग्राउंडला १ मायक्रोफॅरड
- सप्लायपासून पिन ७ पर्यंत १० किलोओहम
- पिन ७ पासून पिन ६ पर्यंत दुसरा १० किलोओहम आणि त्याच्याच रांगेत १०० किलोओहमचा प्रीसेट
- पिन ३ हे आउटपुट

आत काय चालतं? सप्लायचे सारखे तीन भाग करणारे तीन रेझिस्टर आत आहेत. १२ व्होल्टवर खूण पडते ४ आणि ८ व्होल्टवर. कपॅसिटर भरत ८ला पोचला की पिन ७ त्याला ग्राउंडकडे रिकामा करते, ४वर उतरला की पुन्हा भरू देते. दोन्ही खुणा सप्लायच्याच हिश्शाने ठरत असल्यामुळे सप्लाय थोडा कमी-जास्त झाला तरी ठोक्यांचा वेग जवळपास तोच राहतो. फार सुंदर कल्पना आहे ही, एवढ्या वर्षांनीही ५५५ बाजारातून गेलेली नाही त्याचं हे एक मोठं कारण.

वेगाचं सूत्र: १.४४ भागिले (पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कपॅसिटर. मेगओहम आणि मायक्रोफॅरड घेतलेत की उत्तर थेट हर्ट्झमध्ये येतं. प्रीसेट पूर्ण वाढवला की दुसरा रेझिस्टर ०.११ मेगओहम, म्हणून १.४४ ÷ (०.०१ + ०.२२) = सुमारे ६.३ ठोके सेकंदाला. सात रांगांची एक फेरी सेकंदाहून किंचित जास्त वेळात. प्रीसेट शून्यावर आणला की १.४४ ÷ ०.०३ = ४८ ठोके, म्हणजे सेकंदाला जवळपास सात फेऱ्या; डोळ्याला नुसती लखलख. मधली कुठलीतरी जागा तुमच्या पसंतीची निघेल. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापरलात तर गणितात आणि प्रत्यक्षात वीस टक्क्यांचा फरक सहज पडतो, त्याने दचकू नका.

सप्लाय ते पिन ७ यांच्यामधला रेझिस्टर कधीही शून्य होऊ देऊ नका. तिथे नुसता प्रीसेट लावून तो टोकाला फिरवला, की आतला डिस्चार्ज ट्रान्झिस्टर सप्लायला थेट ग्राउंडशी जोडतो आणि ५५५ जळते. तिथे किमान १ किलोओहम हवाच. आपण प्रीसेट दुसऱ्या जागी, तोही एका पक्क्या रेझिस्टरसोबत ठेवलाय तो याचसाठी.

६. ४०१७: ठोके मोजा

५५५ची पिन ३ ही ४०१७च्या पिन १४ला जोडा. पिन १३ (क्लॉक थांबवणारी) ग्राउंडला. ती मोकळी राहिली तर सर्किट कधी चालतं, कधी थांबतं, आणि हात जवळ नेला की वागणूक बदलते. सीमॉस आयसीची कुठलीही इनपुट पिन हवेत लोंबकळत ठेवायची नसते. ती अँटेना होते. आउटपुट पिन मात्र मोकळ्या ठेवल्या तर चालतं. हा फरक पक्का ध्यानात ठेवा.

४०१७ची दहा आउटपुट क्रमाने या पिनवर येतात: ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११. पिनच्या क्रमाने वायरी ओढल्यात तर दिवे इकडून तिकडे उड्या मारतील. आपल्याला सातच हवीत, म्हणून आठवं आउटपुट, म्हणजे पिन ६, थेट पिन १५ला (रीसेट) जोडायचं. ते आउटपुट चालू होताच मोजणी क्षणार्धात पुन्हा पहिल्यावर येते. सहाच रांगा हव्या असतील तर पिन ५ वरून रीसेट घ्या.

७. यूएलएन: भार दुसऱ्यावर टाका

यूएलएन२००३ हे नाव सगळ्यांना माहीत असतं, दुकानदारही तीच काढून देतो. पण ती ५ व्होल्टच्या सर्किटांसाठी आहे, आत प्रत्येक इनपुटला २.७ किलोओहम. १२ व्होल्टवर ती ४०१७कडून जवळपास ४ मिलीअँपिअर मागेल. यूएलएन२००४ मध्ये तोच रेझिस्टर १०.५ किलोओहमचा आहे, ६ ते १५ व्होल्टच्या सीमॉससाठीच बनवलेला. तिची मागणी १ मिलीअँपिअरच्या आसपास. पायरी २ मधला १.३चा आकडा आठवा: ४०१७ला हे झेपतं.

इनपुट पिन १ ते ७, त्यांच्या बरोबर समोर आउटपुट १६ ते १०. पिन ८ ग्राउंड. पिन ९ रिले किंवा मोटर असेल तेव्हा सप्लायला जोडतात, एलईडीसाठी मोकळी ठेवली तरी चालते. या आयसीला वेगळी सप्लाय पिन नाही, म्हणून तिचा ०.१चा कपॅसिटर १२ व्होल्टची लाइन आणि पिन ८ यांच्यामध्ये लावा.

ही आयसी करंट देत नाही, आपल्याकडे ओढून ग्राउंडला सोडते. त्यामुळे एलईडींचं प्लस टोक १२ व्होल्टला आणि मायनस टोक यूएलएनच्या आउटपुटला. उलट जोडलं की एकही दिवा लागत नाही.

रेझिस्टरचं गणित: तीन पांढरे एलईडी एका ओळीत, प्रत्येकी सुमारे ३.२ व्होल्ट, मिळून ९.६. यूएलएनमध्ये साधारण ०.९ व्होल्ट खर्च होतात. उरले १.५. १०० ओहम लावला की १५ मिलीअँपिअर. प्रत्येक रांगेत अशा दोन ओळी समांतर घ्या आणि प्रत्येक ओळीला स्वतःचा रेझिस्टर द्या. दोघींत मिळून एकच लावलात तर एलईडींतल्या बारीकशा फरकामुळे एक ओळ तेजस्वी आणि दुसरी मंद दिसते. एका वेळी एकच रांग उजळत असल्याने अख्ख्या सर्किटला १०० मिलीअँपिअरही लागत नाहीत.

८. टप्प्याटप्प्याने चालू करा

सगळं जोडून एकदम स्विच दाबू नका. आधी एकटी ५५५. १ मायक्रोफॅरडच्या जागी १० मायक्रोफॅरड लावा (इलेक्ट्रोलिटिकचं मायनस ग्राउंडला) आणि प्रीसेट पूर्ण वाढवा, म्हणजे ठोका दीड सेकंदाने येईल. आता मल्टिमीटरवर पिन ३चं व्होल्टेज शून्याजवळून दहाच्या पुढे आणि परत असं झुलताना दिसेल. मग ४०१७ बसवा आणि तिची आउटपुट एकेक करून तपासा. मग यूएलएन, मग एलईडी. आयसी बसवताना-काढताना सप्लाय बंद हवा.

काही चाललं नाही तर याच क्रमाने शोधा:

- सप्लाय आयसीच्या पायावर प्रोब टेकवून मोजा, ब्रेडबोर्डच्या पट्टीवर नको
- ग्राउंड तिन्ही आयसींना एकच आहे का?
- ५५५ची पिन ४ सप्लायला आणि ४०१७ची पिन १३ ग्राउंडला आहे का?
- ४०१७च्या पिन १५वर सतत १२ व्होल्ट असतील तर मोजणी पहिल्यावरच अडकते
- बोट लावून पाहा: ५५५ किंचित कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद करा, आयसी बहुधा उलटी बसलीय

९. झिरो पीसीबीवर आणि कंदिलात

आयसी थेट सोल्डर करू नका, बेस सोल्डर करा. बेसची खाच आयसीच्या खाचेशी जुळवा, म्हणजे पुढच्या वर्षी बदलताना घोटाळा होणार नाही. सोल्डर झाल्यावर आयसी न बसवता शेजारशेजारच्या पिन बझरने तपासा. बारीकसा थेंब दोन पिन जोडून टाकतो. अ‍ॅडॅप्टर घरात ठेवा, कंदिलात फक्त १२ व्होल्टची वायर जाऊ द्या. २३० व्होल्ट कागदाच्या कंदिलात न्यायचे नाहीत. गॅलरीत उशिराचा पाऊस येतो, म्हणून बोर्ड प्लॅस्टिकच्या डबीत घालून डबीचं भोक खालच्या बाजूला ठेवा.

पॉवर बँकेवर चालवायचा विचार असेल तर नुसता सप्लाय बदलून भागत नाही. ५ व्होल्टवर एनई५५५चं आउटपुट साडेतीनच्या आसपासच पोचतं, आणि ४०१७ला वरची पातळी ओळखायला ३.५ लागतात, एखाद्या नगावर चालेल, दुसऱ्यावर नाही. तिथे टीएलसी५५५ ही सीमॉस जातीची ५५५ घ्या, पिन त्याच आहेत आणि आउटपुट जवळपास पूर्ण ५ व्होल्टपर्यंत जातं. यूएलएनही मग २००३ हवी. प्रत्येक ओळीत एकच एलईडी आणि ६८ ओहम. आणि पॉवर बँक विकत घेण्याआधी एक पाहून घ्या: बऱ्याच पॉवर बँका इतका कमी करंट ओढला की मोबाइल काढला असं समजून थोड्या वेळाने आपोआप बंद होतात.